हवालदार आधी, बाईसाहेब नंतर

घरातलं काहीही ठरवायचं असलं की ते फिरून फिरून थोरलीच्याच पदरी पडायचं. गळका नळ दुरुस्त करायचा की बदलायचा, आईचा मोतीबिंदू या हिवाळ्यात काढायचा की पुढच्या, धाकट्या भावानं परगावची नोकरी घ्यायची की इथेच राहायचं. सगळे बोलून बोलून दमले की शेवटी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती त्रेपन्न वर्षांची होती. तिच्या लग्नाचं तेवढं कुणी वेळेवर मनावर घेतलं नाही, आणि तिनंही कधी आपण होऊन विषय काढला नाही, म्हणून ती आईवडिलांजवळच राहिली. नावानं तिला घरात कुणी हाक मारत नसे. आईला ती 'थोरली', भावाला 'ताई'.

बावीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात नोकरी करत होती. वर ऑपरेशनं व्हायची आणि वापरलेली हत्यारं ट्रॉलीतून खाली यायची. ती धुवायची, सांधे ब्रशनं घासायचे, भिंगाखाली धरून बघायचं, मोजून संच लावायचा, हिरव्या कापडात बांधून तारखेची पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात सरकवायचं. पेशंट तिला दिसायचा नाही. पण परत आलेला संच उघडला की वर काय झालं असेल ते साधारण समजायचं. कुठल्या कात्र्या वापरल्यात, कुठले चिमटे घडीत तसेच राहिलेत, यावरून.

तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या आतड्यात गाठ निघाली. वय शहात्तर. सर्जन म्हणाले, केलं तर धोका आहे, नाही केलं तर वर्ष-दीड वर्ष धरा, तुम्ही ठरवून सांगा. आई भिंतीकडे बघत राहिली. धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, तू तिथेच कामाला आहेस, तुला जास्त कळतं." वडील म्हणाले, "थोरली म्हणेल तसं." थोरलीनं दोन दिवस घेतले आणि फॉर्मवर सही केली.

ऑपरेशन तीन तास चालणार होतं. ती आणि आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. चाळीस मिनिटांनी दार उघडलं आणि शिपाई ट्रॉली ढकलत तळघराकडे निघाला. वरचं कापड सरकलेलं होतं. मोठे चिमटे तिनं जसे लावले होते तसेच होते, कुणी हातही लावला नव्हता. वडील टेबलावरच गेले, हे सर्जननं बाहेर येऊन सांगायला आणखी दहा मिनिटं लागली. तिला तेव्हाच कळलं होतं. शेजारी बसलेल्या आईला मात्र ती काही बोलली नाही.

नंतर तिला कुणी एका शब्दानंही दोष दिला नाही. आईनंही नाही. आई त्या विषयावर काही बोललीच नाही, आणि थोरलीनं त्या गप्प बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावून घेतला.

सहा महिन्यांनी धाकटा एका खोक्यात सशाचं पिल्लू घेऊन आला. राखाडी रंग, मुठीत मावेल एवढं. "आईला सोबत," म्हणाला. थोरली ड्युटीवरून आली तेव्हा ते वडिलांच्या खुर्चीखाली बसलं होतं आणि आई जमिनीवर पालथी पडून त्याला कोथिंबीर दाखवत होती. सांधेदुखीमुळे आईनं वर्षभरात असं वाकणंही सोडलं होतं. थोरलीला आणखी एका जिवाचं करायचं अगदी जिवावर आलं होतं, पण ते बघून ती गप्प बसली. पिल्लू मादी होती. कुणी उचललं की पाठ फिरवून बसायची आणि मनधरणी केल्याशिवाय वळायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं बाईसाहेब.

दोन वर्षं बरी गेली. मग धाकट्याच्या डोक्यात आलं की बाईसाहेबांना एकटं करमत नसेल. न विचारता त्यानं दुसरा ससा आणला, तपकिरी, दोन महिन्यांचा. दुकानदारानं त्याला छातीठोक सांगितलं होतं की हीसुद्धा मादीच आहे, दोघी बहिणींसारख्या राहतील. बहिणींसारख्या म्हणजे कशा ते दुकानदाराला माहीत नसावं. बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी पाहुणीच्या कानाचा चावा घेतला. पाहुणीची रवानगी स्वयंपाकघरात, पिंजऱ्यात झाली. तिथे ती दिवसभर इकडून तिकडे गस्त घालायची आणि जरा कुठे भांडं वाजलं की मागचा पाय दाणकन आपटायची. आईनं तिचं नाव ठेवलं हवालदार.

"बाईमाणसाला हवालदार काय म्हणतेस?" थोरली म्हणाली होती.

"का? बायका हवालदार होत नाहीत?"

दीडेक महिन्यानं एका दुपारी आई हवालदाराला मांडीवर उताणं धरून केस विंचरत होती. तिनं हाक मारली, "थोरले, इकडे ये. ही बाई नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बाप्या आहे. चष्मा लाव आणि बघ."

थोरलीनं चष्मा लावला आणि बघितलं. शंकेला जागा नव्हती. तिनं धाकट्याला फोन केला. तो खो खो हसला. "अरे वा! मग पिल्लं होतील की."

"दर महिन्याला पाच-सहा होतील. तू नेशील?"

त्याला तेवढ्यात दुसरा महत्त्वाचा फोन आला.

सायकलच्या दुकानावर, जिना चढून गेलं की जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टर तिशीची मुलगी होती, जाड भिंगाचा चष्मा आणि कोटाला चिकटलेले कुणाकुणाचे केस. तिनं दोन्ही ससे टेबलावर घेऊन चाचपले.

"याचं कधीही करता येईल," ती हवालदाराबद्दल म्हणाली. "नर साडेतीन-चार महिन्यांचा झाला, गोळ्या खाली उतरल्या, की करायचं. हा तयारच आहे."

"आणि हिचं?"

"मादीचं पोट उघडावं लागतं, म्हणून थोडी मोठी होऊ देतात. पाच-सहा महिन्यांची. ही तर अडीच वर्षांची झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"एकटीच होती हो. एकटीचं कशाला करायचं?"

"नुसतं पिल्लांसाठी नसतं ते, ताई. मादी सशांच्या पिशवीत गाठी होतात. वय तीन-चारच्या पुढे गेलं की बऱ्याच जणींना होतात, आणि बाहेरून कळतही नाही. पिशवी काढून टाकली की तो प्रश्नच मिटतो."

थोरलीच्या कानात 'गाठी' एवढाच शब्द राहिला. तिनं विचारलं, "भूल सोसेल तिला?"

"सशांना भूल जपून द्यावी लागते. मी बऱ्याच सशांना दिली आहे. पण काहीच होणार नाही, असं मी कुणालाच सांगत नाही. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. तुम्ही ठरवा आणि मला कळवा."

तुम्ही ठरवा. थोरलीनं मान हलवली, दोन्ही टोपल्या उचलल्या आणि जिना उतरली.

मग तिनं काहीच ठरवलं नाही. या आठवड्यात ड्युटी बदलली आहे, पुढच्या आठवड्यात तपासणीवाले साहेब येणार आहेत, त्याच्या पुढे आईच्या दातांचं बघायचं आहे. कारण रोज सापडायचं. घराचे दोन भाग झाले होते. बाहेरची खोली बाईसाहेबांची, स्वयंपाकघर हवालदाराचं, आणि मधलं दार कायम बंद. चहाचे कप घेऊन जाताना एका पायानं ससा अडवायचा, कोपरानं कडी काढायची आणि अंग चोरून पलीकडे जायचं. त्या दिवसांत घरात सगळ्यांत जास्त उच्चारला गेलेला शब्द म्हणजे "दार!" जेवताना, फोनवर बोलताना, आंघोळीतून ओरडून, "दार!"

दिवसभर लोखंडी दारं उघडून आणि वाफेत उभं राहून ती घरी यायची, तर इथेही दारंच. बूट काढायला ती खुर्चीवर बसायची आणि कधी कधी एक बूट काढून अर्धा तास तशीच बसून राहायची.

हवालदारापुरता प्रश्न हवालदारानंच सोडवला. तो आता वयात आला होता आणि स्वयंपाकघर हे आपलंच राज्य आहे, हे जगाला कळावं म्हणून चारी दिशांना धार मारत सुटला होता. ओट्याच्या पायाला, गहू ठेवलेल्या डब्याला, आईच्या पावलांना. एका सकाळी थोरलीनं इस्त्री केलेला गणवेश खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चहा गाळायला वळली. तेवढ्यात त्यानं कॉलरपासून खिशापर्यंत शिक्कामोर्तब केलं. दुसरा गणवेश ओला होता. ती तसल्याच वासात कामावर गेली आणि दुपारच्या सुट्टीत तिनं डॉक्टरला फोन लावला. "नराचं करून टाका. लगेच."

त्याचं सगळं सरळ झालं. सकाळी सोडला, संध्याकाळी आणला. टोपलीतून बाहेर पडला, अंग झटकलं आणि जणू कुठे लग्नाला जाऊन आल्यासारखा कोथिंबिरीची जुडी फस्त करायला बसला. आई म्हणाली, "एवढं साधं असतं, तर तीन महिने घोंगडं भिजत कशाला ठेवलंस?"

"याचं साधं असतं," थोरली म्हणाली. "तिचं नाही."

डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की सहा आठवडे दोघांना एकत्र सोडायचं नाही. ऑपरेशन झालं तरी आत जे उरलेलं असतं ते संपायला वेळ लागतो, तोवर पिल्लं राहू शकतात. थोरलीनं ते आईला दोनदा सांगितलं आणि कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. बाईसाहेबांचं काय, हे त्या तारखेनंतर बघू, असं तिनं मनाशी म्हटलं. सहा आठवडे कुणी काही विचारणार नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी ती सकाळपाळी संपवून घरी आली, तर बाहेरच्या खोलीत राखाडी केस उडत होते. पलंगाखाली गवताचा ढीग रचलेला, त्यात केसांचे पुंजके खुपसलेले. बाईसाहेब तोंडात आणखी गवत धरून आत-बाहेर करत होत्या. गळ्याखालची कातडी उघडी पडली होती. पिल्लांसाठी घरटं बांधायची तयारी होती ती. थोरलीनं कधी पाहिली नव्हती तरी ओळखायला अवघड नव्हती.

"आई, दार कधी उघडं राहिलं होतं का गं?"

आई खुर्चीत बसली होती. म्हणाली, "राहिलं नव्हतं. मी उघडलं होतं."

"कधी?"

"झाले असतील पंधरा-सतरा दिवस. तो तिकडून दाराला नाक लावून बसायचा, ही इकडून. तासन् तास. मला बघवेना. पाचच मिनिटं सोडलं होतं."

"पाच मिनिटं! अगं, त्यांना पाच सेकंद पुरतात! मी तुला दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," आई म्हणाली. "पण दिवसभर घरात मी असते, थोरले. तू नसतेस."

थोरलीनं केस गोळा करायला झाडू घेतला, मग डॉक्टरचं आठवून तो परत ठेवला आणि टोपली शोधू लागली.

डॉक्टरनं बाईसाहेबांचं पोट बोटांनी चाचपलं, मग थोडे केस काढून, थंड जेल लावून मशीन फिरवलं. पडद्यावर करडं धुकं हलत होतं. थोरलीला त्यातलं काही कळत नव्हतं.

"पिल्लं नाहीत," डॉक्टर म्हणाली.

"मग ही सगळी तयारी?"

"खोटं गरोदरपण. कधी कधी पोटात काही नसतानाही शरीराला वाटतं की आहे. मग घरटं होतं, केस उपटले जातात, दूधही येतं. थोड्या दिवसांत उतरेल." ती थांबली आणि तिनं मशीन परत एकदा त्याच जागी नेलं. "हे मात्र बघा. पिशवीची ही बाजू जाड वाटते मला. सुरुवात असेल, नसेलही. उघडल्याशिवाय छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही."

"आणि थांबलं तर?"

"थांबता येईल. दोन-तीन महिन्यांनी परत बघू. पण माझा ससा असता तर मी थांबले नसते. आत्ता लगेच नाही करायचं, दूध आटू दे. तीन आठवड्यांनी. तोपर्यंत तुम्ही ठरवा." आणि तिनं संमतीचा फॉर्म कागदाच्या पाकिटात घालून दिला.

फॉर्म बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली राहिला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. पाणी प्यायला गेलं की तो दिसायचा. थोरली तो वाचायची नाही, तिला तो पाठच होता. माणसांचा आणि सशांचा फॉर्म सारख्याच वळणाचा असतो. करायचं म्हटलं तर तो बाक आणि ते दार डोळ्यांसमोर यायचं. नाही म्हटलं तर पडद्यावरची ती जाड बाजू. झोप मोडून मोडून लागायची. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तळघराच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक उघडलेला संच होता. "वरून परत पाठवलाय," त्या म्हणाल्या. "एक कात्री कमी आहे. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. पट्टीवर सही तुझी आहे."

थोरलीनं संच मोजला. खरंच एक कमी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"बरं नाही का तुला?"

"बरं आहे."

"मग घरी जा," मुख्य बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर थोरलीला सोसलं असतं; त्या हळू आवाजात बोलत होत्या. "चार दिवस येऊ नकोस. काय असेल ते एकदाचं उरकून ये."

सकाळी अकराला ती घरी आली. एवढ्या लवकर घरी यायची तिला सवय नव्हती. खोलीत ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं. आई खाली चटईवर बसून कोथिंबीर निवडत होती, आणि बाईसाहेब देठांची वाट बघत तिच्या गुडघ्याला टेकून बसल्या होत्या. थोरली पलंगाच्या कडेवर बसली. बूट तसेच पायात.

"आई," ती म्हणाली, "तुला काय वाटतं, हिचं करायचं का?"

आईचा हात थांबला. "मला विचारतेस?"

"हो."

"करायचं."

"असं एका दमात?"

"मग काय आठवडाभर घेऊ? माझी पिशवी काढली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. तुझ्या आजीनं आणि तुझ्या वडिलांनी मिळून ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तर मी धावत गेले असते. दोन वर्षं अंगावरून जाऊन जाऊन जीव मेटाकुटीला आला होता. सगळे म्हणायचे, थांब, बघू. बघणाऱ्यांचं काय जातं?"

"आणि उठली नाही तर?"

आईनं जुडी खाली ठेवली. "तू हिचं नाही बोलत आहेस."

थोरली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू डबा आणायला खाली गेली होतीस," आई म्हणाली. "तेव्हा तुझे वडील मला म्हणाले, थोरली नको म्हणाली असती तरी मी करून घेणारच होतो. वर्षभर अंथरुणात पडून वाट बघत बसणं माझ्यानं होणार नाही. मी म्हटलं, मग तिच्यावर कशाला टाकलंत? तर म्हणाले, तिला विचारलं नाही की तिला वाईट वाटतं."

बाईसाहेबांनी संधी साधून निवडलेल्या कोथिंबिरीतली एक काडी ओढली.

"हे तू मला आज सांगतेस?" थोरलीचा आवाज चढला. "तीन वर्षांनी?"

"तू विचारलंस कुठे?"

"असलं कुणी विचारतं का, आई?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला सगळं माहीत असतं." आईनं एक देठ बाईसाहेबांपुढे टाकला. "आणि मला वाटायचं, त्यांचं नाव काढलं की तुला त्रास होतो. म्हणून मी काढत नव्हते."

थोरली उठली आणि स्वयंपाकघरात गेली. धुतलेले कप तिनं परत धुवायला घेतले. मन हलकं वगैरे काही झालं नाही. आधी राग आला, आईचा आणि वडिलांचाही. मग रागही फार वेळ टिकला नाही, इतकी ती थकलेली होती. तीन वर्षं एखादी जड पेटी उचलून धरावी आणि मग कुणीतरी सांगावं की बाई, ही खाली ठेवली असतीस तरी चाललं असतं, तसे तिचे हात नुसते दुखत होते. हवालदारानं पिंजऱ्यातून पाय आपटला. तिनं त्याला दोन काड्या टाकल्या.

ती बाहेर आली तेव्हा आईनं फ्रिजवरचा फॉर्म काढून मांडीवर घेतला होता आणि पेन शोधत होती.

"या वेळी सही मी करते," आई म्हणाली.

"वाच तरी आधी."

"वाचून काय करायचंय? करायचं ते ठरलं की." आणि तिनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं. ते नेमकं डॉक्टरच्या सहीच्या जागेवर लिहिलं. थोरलीनं ते बघितलं. बाण काढून खाली 'मालक' असं लिहिलं, झालं.

ऑपरेशनच्या सकाळी आईनं बाईसाहेबांच्या पुढची ताटली उचलायला घेतली, तर थोरलीनं अडवलं. "राहू दे. डॉक्टरनं सांगितलंय, शेवटपर्यंत खाऊ द्यायचं. सशाला उलटी होत नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर तेच जिवावर बेततं."

"म्हणजे सगळंच उलटं," आई म्हणाली आणि ताटली परत ठेवली.

त्या दोघी जिन्यावरच्या बाकावर बसल्या. खाली कुणीतरी सायकलचं चाक ठोकत होतं. शेजारी एक गृहस्थ मांजर घेऊन बसले होते, त्यांनी त्या मांजराच्या पोटाची सगळी कहाणी सांगितली आणि आईनं ती मन लावून ऐकली. थोरलीनं ऐकल्यासारखं केलं. एक तास दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आली. हातात स्टीलची छोटी वाटी होती.

"झालं. शुद्धीवर येतेय, कान हलवले तिनं." मग तिनं वाटी पुढे केली. "आणि हे बघा. बरं झालं थांबला नाहीत."

पिशवीच्या एका फाट्यावर मुगाएवढे चार दाणे उठलेले होते. थोरलीनं वाकून बघितलं. इतकी वर्षं तिनं फक्त हत्यारं पाहिली होती. ज्याच्यासाठी ती असतात ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आईनंही बघितलं आणि म्हणाली, "एवढंसं!"

"एवढंसंच असतं आधी," डॉक्टर म्हणाली. "तपासायला पाठवते. आता तिनं खाल्लं पाहिजे, तेवढं बघा. आज संध्याकाळपर्यंत."

बाईसाहेबांनी संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसून राहिल्या. गवत पुढे केलं तर मान फिरवायच्या. डॉक्टरनं दिलेली हिरवी पूड पाण्यात कालवून दर तीन तासांनी सुईविना सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं भरवायची होती. एकीनं टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं, दुसरीनं भरवायचं. अर्धं आत, अर्धं टॉवेलवर, थोडं थोरलीच्या चष्म्यावर. मग पोट हळूहळू चोळायचं. मग औषध. मग टॉवेल धुवायचा. तोवर पुढची वेळ व्हायची. कोण झोपलं आणि कोण जागं, याचा हिशेब उरला नाही. एकदा भरवता भरवता थोरलीचाच डोळा लागला आणि सिरिंज हातातून गळाली, आईनं ती उचलली, ऍप्रन बांधला आणि म्हणाली, "तू आडवी हो. मला येतं आता."

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. आडवी हो."

थोरली जागच्या जागी, चटईवरच कलंडली.

जाग आली ती आईच्या ओरडण्यानं. दुसऱ्या दिवसाची दुपार होती. ती धडपडत उठली. आई कोपऱ्यात ओणवी होऊन बोटानं दाखवत होती. "लेंड्या! थोरले, लेंड्या पडल्या! तीन!"

खरंच तीन होत्या, लहान आणि वेड्यावाकड्या, पण होत्या. आतडं चालू झालं होतं. दोघी त्या तीन लेंड्यांभोवती बसून राहिल्या. धाकट्याचा नेमका तेव्हाच फोन आला, तर आईनं त्याला सगळ्यात आधी तेच सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी जेवतोय." संध्याकाळच्या सुमारास बाईसाहेबांनी मान वळवली, आईच्या हातातल्या कोथिंबिरीचा वास घेतला, विचार केला आणि एक पान तोंडात ओढलं. ते एक पान त्यांनी बराच वेळ चावलं. मग दुसरं घेतलं.

दहाव्या दिवशी टाके बघायला नेलं, तेव्हा तपासणीचा कागद आला होता. दाणे चांगले नव्हते. पण पसरलेलं काही नव्हतं, आणि जे होतं ते सगळं निघालं होतं. डॉक्टर म्हणाली, आणखी दोनेक आठवडे जाऊ देत, मग दोघांना एकत्र आणायला हरकत नाही, मात्र एकदम सोडू नका, रोज थोडं थोडं. आणि लगेच गळ्यात गळे घालतील अशी आशा ठेवू नका.

तशी आशा ठेवायचं कारणच नव्हतं. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी हवालदाराच्या पाठीवरचे केस उपटले. दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली गेला आणि बाहेरच येईना. रोज दुपारी पंधरा मिनिटं थोरली झाडू आडवा धरून दोघांच्या मध्ये बसायची, आणि आई खुर्चीतून, "आता डावीकडून! डावीकडून येतेय!" असं पंचासारखं ओरडायची. तीन आठवडे असेच गेले. चौथ्या आठवड्यात एका रविवारी दोघं हातभर अंतर ठेवून एकाच चटईवर बसले, एक खिडकीकडे तोंड करून, एक दाराकडे.

"भांडत नाहीत," आई म्हणाली.

"हं," थोरली म्हणाली. तिनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची सकाळपाळी होती, गणवेशाला इस्त्री व्हायची होती. ती उठणार होती, पण आईनं तिच्या पाठीमागे उशी सरकवली. थोरली मागे टेकली आणि जरा वेळ तशीच बसून राहिली.